मिशांचा रुमाल

माझ्या बापाच्या वल्ह्याला माझ्या भावाने दोन भोकं पाडली, त्यांत दोन बोटाएवढे जाड पितळी स्क्रू घातले आणि ते आपल्या खानावळीच्या भिंतीवर ठोकलं. वरून चकचकीत व्हार्निश, त्यावर पिवळा दिवा. हे सगळं मला बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवशी वीस नातेवाइकांच्या देखत बघावं लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मीही दोन वाजवल्या. त्या दोन टाळ्यांचा मला अजून राग येतो.

वल्हं म्हणजे होडीचं नव्हे. आमच्या गावच्या ब्रुअरीत जवाचा लगदा ढवळायचं ते लाकडी वल्हं, माणसाच्या उंचीचं, मुठीच्या जागी बाबांच्या हातांनी खोलगट झालेलं. बाबा तिथे अडतीस वर्षं होते, त्यांतली चोवीस मुख्य म्हणून. त्यांचं नाव आलोइस, पण गावाने ते कधी घेतलं नाही. गाव त्यांना वस्तादच म्हणायचं. ब्रुअरी बंद झाली तेव्हा तांब्याचे हंडे भंगारात गेले, गोदामात कोणीतरी टायरचं दुकान काढलं आणि बाबा हे एक वल्हं खांद्यावर टाकून भर बाजारातून चालत घरी आले.

मुलीने हंड्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा नियम होता. माझा धाकटा भाऊ ओता पाच वर्षांचा असल्यापासून तिथे हुंदडायचा. एकदा त्याने उकळत्या काढ्यात रबरी चेंडू टाकला, तरी ‘पोरगं चळवळं आहे’ यापलीकडे त्याला कोणी काही बोललं नाही. मी बाबांचा जेवणाचा डबा घेऊन दाराबाहेर उभी राहायची आणि तिथूनच वास घ्यायची. गोड, ऊन वास, भाजलेल्या पावासारखा. मला आत जायचं होतं, बस्स. आज बावन्न वर्षांची आहे, तरी ते दार डोक्यातून गेलेलं नाही.

माझ्या वाट्याला आले ते रुमाल. बाबांच्या मिशा जाड, ओठांवर उतरलेल्या. बिअरचा मग तोंडाला लावण्याआधी ते दर वेळी ओठ पुसायचे, मग मिशा पुसायचे आणि मगच घोट घ्यायचे. तेलाचा एक ठिपका फेसाचा जीव घेतो, हे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं होतं. म्हणून ते पांढरे रुमाल वेगळ्या पाण्यात, नुसत्या सोड्याने धुवायचे. साबण नाही, खळ नाही, अत्तर तर नाहीच. दिवसाला चार, आठवड्याला चोवीस. रविवारी त्यांना इस्त्री करून चौघडी घालायची, हे काम माझं, नऊ वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. तिच्याबरोबर ते रुमालही संपले, असं मी आपलं धरून चालले होते.

अकरा वर्षांपूर्वी मी घरीच बिअर करायला लागले. पोस्टात खिडकीवर बसून दिवसभर लोकांच्या पाकिटांवर शिक्के मारते, शनिवार माझा. परसात धुण्याची खोली आहे आणि तिथे सासूबाईंच्या वेळचा कपडे उकळायचा एनॅमलचा मोठा हंडा होता. तो घासूनपुसून घेतला. हातचक्कीवर मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, भरडायला शिकले, म्हणजे कोंडा अख्खा राहिला पाहिजे आणि आतला दाणा मात्र फुटला पाहिजे. लगद्यातला तिसरा हिस्सा वेगळ्या पातेल्यात काढून उकळायचा आणि परत मोठ्या हंड्यात ओतायचा, हे आमच्याकडचं जुनं काम. दोन-दोनदा करायचं आणि सबंध वेळ ढवळत राहायचं, नाहीतर तळाला लागतं आणि बिअरला करपट वास येतो. मी ते साध्या लाकडी पळ्याने करायची. पळा आखूड, वाफ थेट तोंडावर. माझे दोन पळे मोडले. आयोडीनचा थेंब टाकून बघायचं, तो काळा पडला तर दाण्यातलं पीठ अजून विरघळलेलं नाही, आणखी थांबायचं. मग गाळणी, मग झातेत्स गावचे हॉप्स, कडवटपणा आणणारी फुलं, मग दीड तास उकळी, मग हंडा थंड पाण्याच्या टबात. तळघरात यीस्ट आपलं काम करत बसतं तेव्हा दिवसातून दोनदा जाऊन थर्मामीटर बघायचा. माझा नवरा रादिम म्हणतो, पोरं तापाने फणफणली होती तेव्हा तू इतक्यांदा बघितलं नव्हतंस. खोटं आहे ते, पण फार खोटंही नाही.

पहिल्याच वर्षी नाताळच्या जेवणाला मी बाटल्या घेऊन गेले. बाबांनी मगकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘काय लिबा, आज कुठलं धुणं उकळलंस?’’ सगळे हसले. मग ते सगळ्यांसमोर म्हणाले की, धुण्याच्या हंड्यात जर कधी खरी बिअर झाली, काडी शंभरपर्यंत उभी राहिली, तर ते वल्हं लिबुशेचं, म्हणजे माझं. ओताने टेबलावर थाप मारून साक्षीदार म्हणून सही करतो म्हणून सांगितलं. त्यांना ती गंमत वाटली असेल. मी मात्र तो शब्द गाठीला बांधून घरी आले.

काडीची परीक्षा आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. मग भरायचा, वर तीन बोटं फेस यायला हवा. बाबांची पद्धत अशी की पहिला घोट परीक्षकाने घ्यायचा, नंतर मग खाली ठेवून फेसात काडीपेटीतली काडी उभी रोवायची आणि मोजायला लागायचं. दाट फेस काडी धरून ठेवतो. पातळ फेस बसत जातो आणि काडी कलंडते. आम्ही चेक माणसं बिअरच्या चवीवर भांडतो, पण फेसावर भांडण नसतं. फेस पडला की विषय संपला.

माझा फेस पडला. पहिल्या वर्षी एकतिसाला, दुसऱ्या खेपेला बाविसाला. अकरा वर्षांत मी सात वेळा बाबांच्या स्वयंपाकघरात परीक्षेला बसले. शनिवारची दुपार, टेबलावर त्यांचा नेहमीचा पाव, डुकराच्या चरबीचा जाड थर लावलेला, वर कच्चा कांदा. मी बाटली उघडायची, त्यांच्याच मगमध्ये ओतायची. तो मग ते स्वतः गार पाण्याने खळबळायचे आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांनी घोट घ्यायचा, काडी रोवायची, आणि मी हात मांडीवर दाबून बसायची. पडली की ते काडी उचलून परत पेटीत ठेवायचे. वाया घालवायची नाही म्हणून.

आणि घरी? घरी तीच बिअर काडी धरून उभी राहायची. शंभर, एकशेवीस. एकदा रादिम एकशेचाळिसाला कंटाळून उठून गेला. म्हणजे दोष वाटेत होता. मला वाटलं, गाडीच्या हिसक्यांनी होत असेल. म्हणून बाटल्या टोपलीत घालून चालत नेल्या आणि दोन दिवस त्यांच्याच तळघरात निवू दिल्या. चोवीस. माझा स्वतःचा मग नेला. एकोणतीस. थोडं गव्हाचं मॉल्ट घातलं, बाबा म्हणाले, आता केकही घेऊन ये. मी पुस्तकं आणली, कुठल्या अंशाला किती मिनिटं थांबायचं याच्या वह्या भरल्या, पाणी तपासून घेतलं. पाचव्या खेपेला काडी सव्विसाला पडली तेव्हा घरी येऊन मी तळघरातली राहिलेली सगळी बिअर, चाळीस लिटर, परसातल्या गटारात ओतली. रादिम दारात उभा राहून बघत होता.

याच सुमाराला मला दोष द्यायला हान्झ्लिक सापडला. हा आमचा शेजारी, साधा माणूस. त्याने आदल्या हिवाळ्यात डुक्कर कापलं तेव्हा मुंडकं उकळायला माझा हंडा मागून नेला होता आणि घासून परत केला होता. चरबी! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी कुंपणाशी जाऊन त्याला असं काही बोलले की त्याची बायको खिडकी लावून घेऊन आत गेली. त्याने तीनदा सांगितलं की हंडा सोड्याने घासला होता. मी ऐकलं नाही. घरी टिकतो आणि तिथे पडतो, मग दोष हंड्याचा कसा, असं रादिमने मला विचारलं. रागावलेल्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत. मी नवा स्टीलचा हंडा आणला, हान्झ्लिकशी बोलणं टाकलं ते तीन वर्षं टाकलं, आणि बाबांकडे काडी परत पडली.

एवढं होऊनही एक गोष्ट माझ्या मनाला शिवली नाही. बापावर संशय घ्यायचा असतो, हेच मला ठाऊक नव्हतं.

या वर्षी हिवाळ्यात ओताने शेजारच्या गावात खानावळ काढली, वर चार खोल्या भाड्याने. ओता गोड माणूस आहे, त्याच्यावर रागावताही येत नाही आणि तेच चीड आणणारं आहे. त्याने आयुष्यात एक ग्लास बिअर केलेली नाही. एका मोठ्या कंपनीची पिंपं येतात, तो नळ सोडतो. त्याला भिंतीवर काहीतरी जुनं हवं होतं. बाबांनी वल्हं देऊन टाकलं. मी विचारायला गेले तेव्हा ते म्हणाले, पडूनच होतं. आणि वर असंही म्हणाले की तुझी अट कुठे पुरी झाली होती?

मी तशीच घरी आले. हे माझं मला पटत नाही, पण आले. कारण अट खरंच पुरी झाली नव्हती.

आता वाढदिवसाकडे येते. जून महिना, ओताची खानावळ, लांब टेबल. मी टोपलीत ओलं फडकं घालून सहा बाटल्या नेल्या होत्या. भेट म्हणून, परीक्षेसाठी नव्हे. निदान मी स्वतःला तसं सांगितलं होतं. ओताने दिव्याचं बटण दाबलं, वल्हं झळकलं, टाळ्या झाल्या. बाबा टेबलाच्या टोकाला बसले होते, नवा कोट, समोर बशीत चरबी लावलेला पाव. अर्धा संपवला होता. मिशांवर चकाकी दिसत होती.

ओताने पहिला मग वाजतगाजत आणला आणि जाहीर केलं की आज वस्ताद माझ्या बिअरची परीक्षा घेणार. माझ्या! नळ सोडला एवढंच ते ‘माझ्या’.

बाबांनी पाव खाली ठेवला. कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक पांढरा रुमाल काढला, चौघडी घातलेला. आधी ओठ पुसले, मग डावी मिशी, मग उजवी, मुळापासून टोकापर्यंत, सावकाश. रुमाल घडी मोडू न देता परत खिशात गेला. नंतर त्यांनी मग उचलला, घोट घेतला, काडी रोवली. सगळे मोजायला लागले. काडी शंभरपर्यंत ताठ उभी.

मी मोजत नव्हते. मी त्यांच्या खिशाकडे बघत होते. ती घडी माझी होती. मी घालायची तशीच, काठ आत. आई गेल्यावर ते आता स्वतः इस्त्री करत होते, एवढंच. रुमाल संपले नव्हते. आणि मग एकामागून एक सगळे शनिवार माझ्यासमोर आले. ते टेबल, तो पाव, घास, आणि घास गिळता गिळता थेट तोंडाला लावलेला मग. सात वेळा. सातातल्या एकाही वेळी खिशात हात गेलेला मला आठवेना. ज्या माणसाने एका कामगाराला, त्याने मग कळकट फडक्याने पुसला म्हणून, घरी पाठवलं होतं, तो माणूस तोंडभर चरबी घेऊन माझ्या फेसात मिशा बुडवत होता. विसरून? कंपनीच्या नळापुढे विसरले नाहीत ते.

मी उठले, टोपलीतून बाटली काढली, ओताच्या कपाटातून स्वच्छ मग घेतला, गार पाण्याने खळबळला आणि त्यांच्यासमोर ठेवून ओतला. तीन बोटं फेस. लोकांना वाटलं, लेकीचं कौतुक चाललंय. बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि काय केलं असेल? पाव उचलला आणि एक घास घेतला.

‘‘बाबा,’’ मी म्हणाले, ‘‘आधी मिशा पुसा.’’

‘‘पुसल्यात की.’’

‘‘ते ओताच्या बिअरसाठी. आता माझ्यासाठी पुसा.’’

ओता ‘ताई, अगं’ म्हणून पुढे झाला, रादिमने त्याला खांदा धरून खाली बसवलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे निळे आहेत, म्हातारपणाने पाणावलेले, पण त्या क्षणी त्यांत पाणी नव्हतं. त्यांना कळलं होतं की मला कळलं आहे. त्यांनी रुमाल काढला. ओठ, डावी मिशी, उजवी मिशी. घोट घेतला. तो घोट त्यांनी लगेच गिळला नाही, तोंडात धरला, हेही मी बघितलं. मग काडी रोवली.

आत्याने मोजायला सुरुवात केली, बाकीचे सामील झाले. साठाला ओताने मान वाकवून बघितलं. शंभर झाले, कोणीतरी टाळी वाजवली, आत्या मोजतच राहिली. एकशेसाठाला बाबांनी स्वतःच काडी उपटून घेतली आणि उठून मागच्या दाराने अंगणात गेले.

मी मागोमाग गेले. तिथे रिकाम्या पिंपांची रांग होती, त्यातल्या एकावर ते बसले होते. मी घरून निघताना ठरवलं होतं की आज भांडायचं नाही. पण मी भांडले. सात खेपा, चाळीस लिटर गटारात, दोन मोडके पळे, एक नवा हंडा, हे सगळं मी त्यांना ऐकवलं. म्हटलं, तुमच्यापायी मी एका भल्या शेजाऱ्याला चोरासारखं बोलले आणि तीन वर्षं त्याचं तोंड बघितलं नाही.

शेवटी मी विचारलं, ‘‘एवढंच सांगा. माझी बिअर वाईट होती का?’’

‘‘पहिली होती,’’ ते म्हणाले. ‘‘करपली होती जरा. नंतरची एकही नव्हती.’’

‘‘मग का?’’

ते काडी बोटांत फिरवायला लागले. ‘‘बत्तीस माणसं होती माझ्या हाताखाली, लिबा. तांब्याचे हंडे, बर्फाचं तळघर, कोळशाच्या वाघिणी. अडतीस वर्षं. ते सगळं लागतं म्हणून ते सगळं होतं. आणि तू कपडे उकळायच्या हंड्यात तेच काढून आणलंस. एकटीने. शनिवारी.’’ काडीकडे बघत ते म्हणाले, ‘‘मग मी काय करत होतो तिथे एवढी वर्षं?’’

मला त्यांची दया यायला हवी होती. समोर ऐंशी वर्षांचा बाप, रिकाम्या पिंपावर बसलेला. कोणत्याही चांगल्या मुलीने जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला असता. माझ्या मनात दया आली नाही. मनात आलं, दाराबाहेर डबा घेऊन मी उभी होते तेव्हा तुम्ही मला आत घेतलं असतं, तर मी तुम्हाला हरवायला नाही, तुमच्यासारखं व्हायला शिकले असते. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं, याच शब्दांत.

मी आत गेले आणि ओताकडे पेचकस मागितला. तो म्हणाला, ताई, भिंतीवर डाग राहील, लोक आता ते बघायला येतील. मी म्हटलं, लोकांना डाग दाखव. तो बाबांच्या वाटेकडे बघायला लागला, त्यांनी येऊन मला आवरावं म्हणून. बाबा दारात आले, पण म्हणाले एवढंच की, अट पुरी झालीय. खुर्चीवर चढून मी दोन्ही स्क्रू काढले. आत्या खालून वल्हं धरून उभी होती. ते गाडीत मावेना, म्हणून खिडकीतून बाहेर काढून आम्ही घरी आणलं, आणि रादिम वाटभर म्हणत होता की पोलिसांनी अडवलं तर होडी विसरलो म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी पहिलं काम हान्झ्लिकचं. मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले आणि त्याला सगळं सांगितलं, माझी चूक, माझं तोंड, सगळं. तो ऐकून म्हणाला, म्हणजे वस्ताद तीन वर्षं माझ्या डुकराच्या मुंडक्याआड लपले तर. मग हसला, पण त्याची बायको अजून हसलेली नाही आणि मी तिला दोष देत नाही. मी सहा बाटल्या कुंपणावरून दिल्या. त्याने दोन परत केल्या, का ते मला कळलं नाही.

व्हार्निश काढायला तीन आठवडे लागले. व्हार्निश लावलेलं लाकूड उकळत्या लगद्यात घालता येत नाही, त्यामुळे काचेच्या तुकड्याने खरवडत बसायचं, मग सोड्याचं पाणी, मग ऊन, मग पुन्हा खरवडायचं. प्रत्येक खरवडीला मी ओताला शिव्या दिल्या. मुठीच्या खळग्यातलं व्हार्निश निघायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिथे काच नीट बसत नव्हती, मी नखाने काढलं. भोकं मात्र राहिली. दोन, बोट जाईल एवढी, पात्याच्या मधोमध.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी मी नवा घाणा मांडला. सकाळी आठ वाजता, मॉल्ट भरडून झालं होतं, हंड्यात पाणी भरलं होतं, आणि धुण्याच्या खोलीच्या दारात बाबा उभे. बोलावलं नव्हतं. बसने आले होते, नवा कोट नाही, जुनं कामाचं जाकीट. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच थांबले, मी थांबायची तसे. मी त्यांना पाच मिनिटं तिथेच उभं ठेवलं. मुद्दाम. मग स्टूल सरकवलं.

ते बसले आणि मागच्या घाण्यातलं काही शिल्लक आहे का, असं विचारलं. मी तळघरातून बाटली आणली. मग कपाट उघडलं. तिथे मी आदल्या आठवड्यात एक पांढरा रुमाल धुऊन ठेवला होता, सोड्याने, खळ न घालता, इस्त्री करून. का केला होता ते मला विचारू नका. तो आधी त्यांच्यासमोर ठेवला आणि त्याच्या शेजारी मग.

त्यांनी रुमाल बघितला. उलटून काठ आत आहे का ते बघितलं. मग ओठ पुसले, डावी मिशी, उजवी मिशी. घोट घेतला आणि डोळे मिटून बसले. मग सवयीने त्यांचा हात जाकिटाच्या खिशात गेला, काडीपेटी बाहेर आली, काडी निघाली आणि फेसाकडे निघाली.

मी ती त्यांच्या बोटांतून काढून घेतली, पेटीच्या कडेला ओढली आणि हंड्याखालची शेगडी पेटवली.

‘‘परीक्षा झाल्या, बाबा,’’ मी म्हणाले. ‘‘आता ढवळायला लागा.’’

पाणी तापलं, मी मॉल्ट ओतलं आणि वल्हं त्यांच्या हातात दिलं. हात बरोबर खळग्यात बसले. दोन फेऱ्या मारल्यावर ते थांबले आणि पात्याकडे बघत राहिले. भोकांतून लगदा आरपार जात होता, गुठळ्या फुटत होत्या.

‘‘ही भोकं चांगली आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘मीच पाडायला हवी होती, कधीच.’’

‘‘हो,’’ मी म्हणाले. ‘‘थांबू नका. तळाला लागेल.’’